भाडेकरूच राखणदार: अमेरिका आणि जपान यांच्या नात्याचं पुढे काय?

जून २०१९ मध्ये एका टीव्ही मुलाखतीत डोनाल्ड ट्रम्प यांनी जपानबद्दल एक तक्रार केली. जपानवर हल्ला झाला तर अमेरिका तिसरं महायुद्ध लढायला उतरेल, पण अमेरिकेवर हल्ला झाला तर जपानी लोकांवर कसलंच बंधन नाही, ते तो हल्ला सोनीच्या टीव्हीवर बघत बसू शकतात, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. टोकियोत या वाक्यानं अनेकांच्या पोटात गोळा आला. राष्ट्राध्यक्ष असं बोलतो म्हणजे उद्या करारच मोडेल की काय, ही ती धास्ती होती.

तक्रार अर्धी खरी आहे. तिच्यात न आलेलं अर्धं आधी समजून घेऊ, कारण त्याशिवाय या दोन देशांत आज काय चाललंय आणि पुढे काय होऊ शकतं, ते कळणार नाही.

दोघांमध्ये १९६० चा सुरक्षा करार आहे. त्यातली दोन कलमं लक्षात ठेवली की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं. पाचवं कलम म्हणतं की जपानच्या प्रशासनाखालच्या भूभागावर सशस्त्र हल्ला झाला, तर तो दोघांनाही धोका मानून दोघंही आपापल्या घटनेप्रमाणे त्याला तोंड देतील. इथे ‘जपानच्या प्रशासनाखालचा भूभाग’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. हवाई किंवा कॅलिफोर्नियावर हल्ला झाला, तर या कलमाप्रमाणे जपानवर काही बंधन येत नाही. ट्रम्प यांचं म्हणणं इथवर बरोबर.

पण लगेच पुढचं सहावं कलम आहे. जपानच्या सुरक्षिततेसाठी आणि ‘अतिपूर्वेतील’ शांततेसाठी अमेरिकेला जपानमध्ये जमीन आणि तळ वापरता येतील, असं ते सांगतं. म्हणजे पाचव्या कलमात अमेरिका देते आणि सहाव्यात घेते. हा व्यवहार भाडेकरूसारखा आहे, फक्त उलटा. भाडेकरू घराची राखण करणार, आणि घरमालक त्याच्याकडून भाडं तर घेणार नाहीच, उलट त्याचं वीजबिल भरणार. यात अतिशयोक्ती नाही. १९७८ पासून जपान अमेरिकी तळांच्या खर्चाचा वाटा उचलतो. तळांवर काम करणाऱ्या जपानी कर्मचाऱ्यांचे पगार, वीज-पाण्याचा खर्च, सैनिकांची घरं हे सगळं त्यात येतं. या रकमेला जपानीत ‘ओमोइयारी योसान’ म्हणतात. ओमोइयारी म्हणजे दुसऱ्याची कदर, त्याच्या अडचणीची जाणीव ठेवणं. सध्याच्या पाच वर्षांच्या व्यवस्थेत ही रक्कम साधारण १ लाख ५ हजार कोटी येन आहे.

बदल्यात अमेरिकेला काय मिळतं? पन्नास हजारांहून जास्त सैनिक आशियाच्या दारात कायमचे उभे करता येतात. टोकियोजवळच्या योकोसुका बंदरात अमेरिकेची विमानवाहू नौका ठाण मांडून असते. १९७३ मध्ये ‘मिडवे’ ही नौका तिथे आली, आज ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ आहे. अमेरिकेबाहेर कायमचा मुक्काम असलेली त्यांची हीच एक विमानवाहू नौका. तैवान किंवा कोरियात काही बिनसलं, तर कॅलिफोर्नियातून निघालेल्या जहाजाला पोचायला कितीतरी दिवस लागतील. योकोसुकातलं जहाज आधीच तिथे असतं. त्यामुळे जपानची राखण करून अमेरिका उपकार करते, हे म्हणणं मला पटत नाही. तिथे उभं राहणं ही तिची स्वतःचीही गरज आहे.

या नात्याची सुरुवात मात्र बरोबरीची नव्हती. ८ सप्टेंबर १९५१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑपेरा हाउसमध्ये भरलेल्या परिषदेत, दुसऱ्या महायुद्धात हरून अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या जपानशी शांतता करार झाला. त्याच दिवशी, त्याच शहरातल्या एका लष्करी छावणीत, दुसऱ्या कागदावर सह्या झाल्या: सुरक्षा करार. अमेरिकेकडून चौघांनी सह्या केल्या. जपानकडून पंतप्रधान शिगेरू योशिदा यांची एकट्याची सही आहे. हा करार पुढे लोकांना रुचणार नाही, तेव्हा दोष आपल्या एकट्याच्या माथी यावा, अशी त्यांची भूमिका होती. त्या पहिल्या करारात अमेरिकेला जपानमध्ये सैन्य ठेवायचा हक्क होता, पण जपानचं रक्षण करायची बांधिलकी नव्हती. इतकंच काय, जपान सरकारनं सांगितलं तर देशातला मोठा उठाव मोडायलाही ते सैन्य वापरता येणार होतं.

भारत त्या परिषदेला गेलाच नव्हता. नेहरूंच्या सरकारच्या आक्षेपांतले दोन आज वाचले की नवल वाटतं. एक, जपान स्वतंत्र होण्याआधीच तिथे परकी सैन्य ठेवायची सोय होत होती. दुसरा, ओकिनावासह र्‍युक्यू बेटं जपानला परत मिळत नव्हती. भारतानं मग ९ जून १९५२ रोजी जपानशी स्वतंत्र करार केला आणि युद्धाची भरपाईही सोडून दिली. ज्या दोन गोष्टींवर भारतानं बोट ठेवलं होतं, त्या म्हणजे सैन्य आणि ओकिनावा, आजही या नात्यातलं ठसठसणारं गळू आहेत.

आता जपानची अवस्था बघा. ताकदवान मित्राच्या आधारानं राहणाऱ्या प्रत्येक देशाला दोन भीती असतात. एक, ऐन वेळी हा आपल्याला सोडून जाईल. दुसरी, हा आपल्याला स्वतःच्या भांडणात ओढेल. जपानी भाषेत या दोन्हींसाठी रोजच्या वापरातले शब्द आहेत: ‘मिसुतेरारेरु’, म्हणजे वाऱ्यावर सोडलं जाणं, आणि ‘माकिकोमारेरु’, म्हणजे दुसऱ्याच्या भानगडीत गुंतवलं जाणं. पहिली भीती कमी करायला मित्राला घट्ट धरलं की दुसरी वाढते. दुसरी कमी करायला हात सैल सोडला की पहिली वाढते. इकडे आड, तिकडे विहीर. गेल्या सत्तर वर्षांतलं जपानचं सगळं परराष्ट्र धोरण या दोन्हींच्या मधल्या अरुंद कठड्यावरून चालत आलेलं आहे.

१९६० मध्ये दुसरी भीती रस्त्यावर उतरली. पंतप्रधान नोबुसुके किशी यांनी करार सुधारून आणला. तो आधीच्यापेक्षा निश्चितच बरा होता, कारण रक्षणाची हमी त्यात आली. पण अमेरिकेच्या युद्धात आपण ओढले जाऊ म्हणून लाखो लोक संसदेभोवती जमले. १५ जूनच्या गदारोळात मिचिको कांबा ही टोकियो विद्यापीठाची विद्यार्थिनी मरण पावली. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा ठरलेला दौरा रद्द झाला. करार मंजूर झाला आणि किशी यांना जावं लागलं.

१९७१ मध्ये पहिली भीती खरी ठरली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १५ जुलैला जाहीर केलं की आपण चीनला जाणार. तोवर अमेरिकेच्या सांगण्यावरून जपान चीनपासून अंतर राखून होता, आणि त्या जपानच्या पंतप्रधानांना ही बातमी घोषणेच्या जेमतेम काही मिनिटं आधी कळली. बरोबर महिन्याभरानं, १५ ऑगस्टला, निक्सन यांनी डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं आणि आयातीवर जादा कर लावला. जपानमध्ये या दोन्हींना मिळून आजही ‘निक्सन शॉक’ म्हणतात. वॉशिंग्टन आणि बीजिंग आपल्या डोक्यावरून बोलतील, ही टोकियोची धास्ती तेव्हापासूनची आहे. १९९८ मध्ये बिल क्लिंटन नऊ दिवस चीनमध्ये राहिले आणि टोकियोत न थांबताच परतले, तेव्हा ती पुन्हा वर आली.

मग १९९१ चं आखाती युद्ध. जपाननं सैन्य पाठवलं नाही, पैसे दिले, तेही सुमारे १,३०० कोटी डॉलर. युद्ध संपल्यावर कुवेतनं अमेरिकी वर्तमानपत्रांत मदत करणाऱ्या देशांचे आभार मानणारी जाहिरात दिली. तिच्यात जपानचं नाव नव्हतं. त्या एका जाहिरातीनं टोकियोतल्या अधिकाऱ्यांच्या एका अख्ख्या पिढीला धडा दिला की नुसता पैसा मोजून चालत नाही. २०१५ मध्ये पंतप्रधान शिंझो आबे यांनी जे कायदे केले, त्यामागे हा धडाही होता. त्या कायद्यांनी असं ठरवलं की जपानवर थेट हल्ला झाला नाही, पण जवळच्या मित्रदेशावर झाला आणि त्यामुळे जपानचं अस्तित्वच धोक्यात आलं, तर मर्यादित बळ वापरता येईल. ट्रम्प यांनी सोनीच्या टीव्हीचं बोलणं काढलं, तेव्हा हा कायदा लागू होऊन तीन वर्षं झाली होती. त्यांची तक्रार जुन्या जपानबद्दलची होती.

अलीकडे बदललं काय, तर माणसं भराभर बदलली. सप्टेंबर २०२० मध्ये आबे पायउतार झाल्यापासून ऑक्टोबर २०२५ पर्यंत जपाननं चार नवे पंतप्रधान पाहिले: सुगा, किशिदा, इशिबा आणि साने ताकाइची, देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान. अमेरिकेत ट्रम्प गेले, बायडन आले, ट्रम्प परत आले. आबे यांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये, ट्रम्प शपथ घेण्याआधीच, न्यूयॉर्कला जाऊन त्यांना सोनेरी गोल्फ क्लब भेट दिला होता. जपानी लोकांना तेव्हा ते ओशाळवाणं वाटलं असेल, पण त्या मैत्रीनं चार वर्षं निभावून नेली. अडचण अशी की मैत्री माणसाबरोबर जाते. इशिबा यांना ती वारशात मिळाली नाही.

२०२५ मधलं आयातकराचं प्रकरण जरा तपशिलात बघू, कारण तिथे नात्याचा नवा चेहरा स्पष्ट दिसतो. अमेरिकेला जाणाऱ्या जपानी मालात सगळ्यात मोठा वाटा मोटारींचा. त्यांच्यावर अडीच टक्के कर होता. एप्रिलमध्ये ट्रम्प यांनी त्यावर आणखी २५ टक्के चढवला. बाकीच्या मालावर २४ टक्क्यांची घोषणा झाली, आणि जुलैमध्ये पत्र आलं की तो २५ टक्के होईल. जपानचे वाटाघाटी करणारे मंत्री र्‍योसेई आकाझावा वॉशिंग्टनच्या खेपा घालत राहिले. २० जुलैला इशिबा यांच्या आघाडीनं वरिष्ठ सभागृहातलं बहुमत गमावलं. कनिष्ठ सभागृहातलं आधीच गेलं होतं. दोनच दिवसांनी ट्रम्प यांनी तोडगा जाहीर केला: १५ टक्के कर आणि जपानकडून अमेरिकेत ५५ हजार कोटी डॉलरची गुंतवणूक.

पण दोघांच्या सहीचा एकत्रित कागदच नव्हता. ऑगस्टमध्ये आदेश लागू झाला तेव्हा १५ टक्के जुन्या करावर चढलेले निघाले, जपानची समजूत होती की जुना धरून १५. आकाझावा पुन्हा विमानात बसले. ४ सप्टेंबरला दुरुस्त आदेश निघाला आणि गुंतवणुकीच्या कागदावर सह्या झाल्या. त्यातल्या अटी वाचल्या की मन खट्टू होतं. पैसा कुठे घालायचा ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ठरवणार. निवड झाली की ४५ कामकाजाच्या दिवसांत जपाननं रक्कम उभी करायची. ठरावीक परतफेड होईपर्यंत नफा निम्मा-निम्मा, त्यानंतर ९० टक्के अमेरिकेचा. जपान मागे हटला तर कर पुन्हा वाढू शकतो. ही रक्कम जपानच्या वर्षभराच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाहून मोठी आहे, आणि त्यातली बरीचशी कर्जं आणि कर्जहमीच्या रूपात द्यायची आहे. तीन दिवसांनी, ७ सप्टेंबरला, इशिबा यांनी राजीनामा जाहीर केला.

घासाघीस पूर्वीही झाली आहे. १९८१ मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली जपाननं मोटारींची निर्यात वर्षाला १६ लाख ८० हजारांवर ‘स्वखुशीनं’ रोखून धरली होती. पण तेव्हा व्यापाराचं भांडण एका खोलीत चाले आणि संरक्षणाची बोलणी दुसऱ्या खोलीत. शीतयुद्ध चालू असल्यानं मधली भिंत दोघंही जपत. आता ती भिंत पडली आहे, आणि माझ्या मते गेल्या दहा वर्षांतला सगळ्यात मोठा बदल हाच आहे.

आणि हे एकट्या ट्रम्प यांचं काम नाही. निप्पॉन स्टीलनं डिसेंबर २०२३ मध्ये यूएस स्टील ही कंपनी सुमारे १,५०० कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं. कंपनी पेनसिल्व्हेनियातली, आणि २०२४ ची निवडणूक ज्या राज्यांत ठरणार होती त्यांत पेनसिल्व्हेनिया अगदी वर. अमेरिकेतल्या दोन्ही राजकीय पक्षांनी विरोध केला. जानेवारी २०२५ मध्ये, पायउतार होता होता, बायडन यांनी राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन व्यवहार अडवला. ज्या देशाच्या भूमीवर आपले पन्नास हजार सैनिक निर्धास्त झोपतात, त्याची पोलाद कंपनी सुरक्षेला धोका! जूनमध्ये ट्रम्प यांनीच सरकारला नकाराधिकार देणारा ‘सोनेरी समभाग’ राखून तो मंजूर केला. वॉशिंग्टनमध्ये पक्ष कोणताही असो, मित्रदेशाला आता सवलत नाही, हे जपानी उद्योगांनी ओळखलं.

ताकाइची आल्या आणि आठवड्याभरात ट्रम्प टोकियोत होते. आबे यांचा पटर, म्हणजे गोल्फची काठी, त्यांना भेट मिळाला, दुर्मीळ खनिजांच्या करारावर सह्या झाल्या, दोघं मिळून योकोसुकातल्या ‘जॉर्ज वॉशिंग्टन’वर गेले. संरक्षणावर देशाच्या उत्पन्नाच्या दोन टक्के खर्च करायचं किशिदा सरकारचं २०२७ चं उद्दिष्ट ताकाइचींनी दोन वर्षं अलीकडे ओढलं. सगळं छान जमलं असं वाटत होतं. मग ७ नोव्हेंबरला संसदेत त्यांना प्रश्न आला, आणि त्या बोलून गेल्या की तैवानभोवती युद्धनौका आणि बळाचा वापर झाला, तर ते जपानच्या अस्तित्वाला धोका ठरू शकतं. म्हणजे २०१५ च्या कायद्यातली ती अट. आधीचे पंतप्रधान पदावर असताना इतकं उघड बोलत नसत. चीननं आपल्या पर्यटकांना जपानला जाऊ नका म्हणून सांगितलं आणि जपानी मासळी पुन्हा बंद केली.

जपानचं सगळ्यात पश्चिमेचं योनागुनी बेट तैवानपासून जेमतेम ११० किलोमीटरवर आहे. ऑगस्ट २०२२ च्या चिनी सरावात पाच क्षेपणास्त्रं जपानच्या सागरी आर्थिक क्षेत्रात पडली होती. तेव्हा ताकाइचींचं बोलणं हवेतलं नव्हतं. पण त्या वादात टोकियोचे कान वॉशिंग्टनकडे लागले होते. ट्रम्प नुकतेच, ३० ऑक्टोबरला, दक्षिण कोरियात शी जिनपिंग यांना भेटून व्यापाराचा तह करून आले होते. २४ नोव्हेंबरला ते शी यांच्याशी फोनवर बोलले, मग दुसऱ्या दिवशी ताकाइचींशी. आधी बीजिंग, नंतर टोकियो. १९७१ आठवणाऱ्या देशात हा क्रम कुणाच्या नजरेतून सुटत नाही. दोन्ही भीती एकाच वेळी समोर उभ्या आहेत: तैवानच्या युद्धात ओढलं जाण्याची, आणि तैवानच्या सौद्यात विसरलं जाण्याची.

मग जपान अमेरिकेला सोडेल का? कराराचं दहावं कलम वाचलं तर सोपं आहे. १९७० पासून दोघांपैकी कुणीही नोटीस दिली की वर्षभरात करार संपतो. आजवर कुणी दिलेली नाही आणि नजीकच्या काळात देईल असं मला वाटत नाही. चीन, रशिया आणि उत्तर कोरिया हे तिन्ही शेजारी अण्वस्त्रं बाळगून आहेत, जपानकडे ती नाहीत. दुसरीकडे अमेरिकी सरकारच्या रोख्यांत सगळ्यात जास्त पैसा गुंतवलेला परदेश जपानच आहे, १ लाख कोटी डॉलरहून अधिक. एकमेकांत अडकलेली मुळं अशी उपटता येत नाहीत.

जपान करतोय ते वेगळंच आहे. मूळ खांब तसाच ठेवून बाजूला टेकू लावतोय. २०१७ मध्ये अमेरिका पॅसिफिक व्यापार करारातून बाहेर पडली, तेव्हा उरलेल्या दहा देशांना बरोबर घेऊन जपाननं तो करार तडीस नेला. ब्रिटन आणि इटलीबरोबर तो लढाऊ विमान बनवतोय. फिलिपीन्सशी सैन्याच्या ये-जा करण्याचा करार २०२५ मध्ये लागू झाला, आणि ऑस्ट्रेलियानं आपल्या नौदलासाठी जपानी ‘मोगामी’ युद्धनौका निवडल्या. भारताबरोबरचा क्वाड, म्हणजे भारत, जपान, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका यांचा गट, हाही त्यातलाच एक टेकू. त्याच वेळी अमेरिकेशी लष्करी वीण घट्टच होतेय. मार्च २०२५ मध्ये जपाननं आपली संयुक्त कमांड उभारली, अमेरिकेनंही जपानमधल्या आपल्या मुख्यालयाला युद्धकाळात हुकूम देण्याचे अधिकार द्यायला सुरुवात केली. वरची माणसं बदलत राहिली तरी खालची मंडळी रोज एकाच नकाशावर काम करतात. हे नातं टिकतं ते मला गोल्फपेक्षा त्या नकाशामुळे वाटतं.

पुढची कसोटी कुठे लागेल ते कॅलेंडरवरच लिहिलेलं आहे. तळांच्या खर्चाची आत्ताची व्यवस्था मार्च २०२७ मध्ये संपते. भाडेकरू या वेळी वीजबिलापेक्षा पुष्कळ जास्त मागेल हे उघड आहे. टोकियोला ते मान्य करायचं, तर आपल्या लोकांना सांगावं लागेल की पैसे जातात कुठे, आणि तिथे गाठ पडते ओकिनावाशी.

१९७२ मध्ये जपानला परत मिळालेलं ओकिनावा हे देशाच्या भूभागाच्या ०.६ टक्के. पण जपानमध्ये फक्त अमेरिकी सैन्याच्याच वापरात असलेल्या जमिनीपैकी सुमारे ७० टक्के जमीन तिथे आहे. १९९५ मध्ये तीन अमेरिकी सैनिकांनी बारा वर्षांच्या मुलीवर अत्याचार केला. संतापाचा डोंब उसळल्यावर पुढच्याच वर्षी दोन्ही सरकारांनी ठरवलं की गिनोवान शहराच्या मधोमध असलेला फुतेन्माचा हवाई तळ पाच ते सात वर्षांत परत करू, पण त्याच्या बदल्यात बेटावरच दुसरा बांधून झाल्यावर. तळाच्या कुंपणाला लागून एक प्राथमिक शाळा आहे. डिसेंबर २०१७ मध्ये खेळाचा तास चालू असताना अमेरिकी हेलिकॉप्टरची खिडकी, साडेसात किलोहून जड, तिच्या मैदानात पडली. त्यानंतर कितीतरी दिवस मुलं विमानाचा आवाज आला की मैदान सोडून पळत. पुढे मैदानावरच डोक्यावर छप्पर असलेले आडोसे बांधले गेले.

नवा तळ उत्तरेला हेनोकोच्या समुद्रात भर घालून उभा राहतोय. तिथला समुद्राचा तळ इतका मऊ निघाला की जपानी वर्तमानपत्रं त्याला मेयोनेझची उपमा देतात. मऊ थर काही ठिकाणी पाण्याच्या पातळीपासून ९० मीटर खोलवर जातो. जमीन धरून ठेवायला ७० हजारांहून जास्त खांब रोवायचे आहेत. ओकिनावाच्या राज्यपालांनी परवानगी नाकारली, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं त्यांच्या वतीनं स्वतःच ती देऊन टाकली. काम चालू आहे. फुतेन्मावरून हेलिकॉप्टरं अजून उडतात.